गाडीला पाजलेलं पाणी

लेत्लाकेंग, ३ सप्टेंबर

मामा,

"कॉलेजात शिकलीयेस ना? मग यापुढे जे काय असेल ते लिहून कळव. तोंडाने बोलू नकोस माझ्याशी." चावडीवर, अख्ख्या गावासमोर, गावप्रमुख कोसींच्या खुर्चीपुढे उभं राहून तुम्ही असं म्हणालात. घ्या. लिहून कळवतेय.

गाडी घेतली.

पांढरी पिकअप. मागे पाण्याची टाकी बसेल एवढी ऐसपैस, आणि वाळूसाठी चारही चाकांना जोर देणारी. जपानात कुणीतरी वापरून कंटाळलेली, बोटीने डर्बनला उतरलेली. पण आमच्या अंगणात उभी आहे, म्हणजे आमच्यासाठी कोरी करकरीत.

आधी तुम्हाला सांगितलं नाही. भाचीने मोठी वस्तू घ्यायची तर मामाच्या अंगणात जाऊन, गुडघे टेकून, कानावर घालायचं, हे मला कुणी शिकवायला नको. मुद्दामच नाही घातलं. तुम्ही "नको" म्हणाला असतात आणि मी तरीही घेतली असती. विचारलंच नाही, म्हणजे निदान शब्द मोडल्याचं पाप तरी लागलं नाही.

तुमचा तो दुसरा शब्द मात्र मला पाठ आहे. "हिच्या आजीने हिच्या आईला दिलेल्या गायी पोरीने आपल्या हाताने पाणी पाजून पावसापर्यंत जगवल्या, तर मी पुन्हा त्यांचं नाव काढणार नाही. एक जरी गाय तहानेने पडली तर सगळ्या माझ्या गोठ्यात, तापल्या लोखंडाने मारलेल्या माझ्या डागाखाली." कोसींनी मान हलवली होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या, कुणासाठी ते देव जाणे.

आमच्या गोठ्यावरच्या बोअरचा पंप जळाला, तो काही माझ्या पायगुणाने नाही. शेजाऱ्यांनी त्यांच्या बोअरवर गायी पाजू दिल्या, आता त्यांचंच पाणी आटत आलंय. म्हणून गाडी. गावातून पाणी भरायचं, वाळूतून गोठ्यावर न्यायचं. सरळ हिशेब आहे, त्यात बाई-पुरुष काही नाही.

ओडिरिले मिठाची पोती घेऊन तुमच्या बाजूला निघालाय, त्याच्या हाती हे देते.

गाडी झकास आहे. डांबरी रस्त्यावर तर विचारूच नका.

गाओने


लेत्लाकेंग, ११ सप्टेंबर

मामा,

ओडिरिले परत आला. म्हणाला, "तुझ्या मामांनी पत्र वाचलं, घडी घातली, टोपीत ठेवलं."

"आणि?"

"आणि म्हणाले, डांबरावर तर गाढवही धावतं."

बरं. वाळूचं लिहिते मग. नाहीतरी तुमच्यापर्यंत पोचलंच असेल. या गावात बातमीला गाडी लागत नाही.

पिठाच्या गिरणीपाशी डांबर संपतं आणि गोठ्यांची वाट सुरू होते. तिथे थांबून मी छोटा लिव्हर ओढला, पुढच्या चाकांना जोर दिला आणि वाळूत घातली. थोडी गेली. मग खालून आवाज आला, ठाक. मग ठाक ठाक. मग अख्खी गाडी अशी थरथरायला लागली की आईच्या मांडीवरचा डबा उडाला आणि आंबील काचेवर. स्टिअरिंग हाताला झटके देत होतं. लिव्हर मागे घ्यावा तर अडकलेला, हलेना. शेवटी मागे मागे गेले, तेव्हा एकदाचा सुटला. आणि डांबराला लागल्या लागल्या? लोण्यासारखी. जसं काही झालंच नाही.

नळावर बायका होत्याच. त्यातली एक म्हणाली, "अगंबाई, मामाच्या वाटेला लागली की रडते की गं!"

झालं. तेव्हापासून गावाचं निदान ठरलंय. दिक्गाबा. थोरल्याचं काळीज दुखावलं की धाकट्याच्या अंगावर फुटते ती. पोराला ताप आला, विचारा मामा रागावलाय का. पोरीला मूल होईना, जा मामाकडे पाणी मागायला. इथवर माझं काही म्हणणं नाही, ज्याचं त्याने बघावं. पण गिअरला दिक्गाबा? ती गाडी तुमची कोण लागते हो, मामा? भाची मी आहे. लागायची तर मला लागू दे, मी ठणठणीत आहे. काल दोन ताटं जेवले.

गायी मजेत आहेत.

गाओने


१९ सप्टेंबर, ऑइलच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर, कारण कागद फारायीच्या गॅरेजमध्ये नसतो

मामा,

फारायीला तुम्ही ओळखता. मूळचा झिम्बाब्वेतल्या बुलावायोचा, बोलताना सगळं इंजिन हातात असल्यासारखे हात हलवतो. गाडीखाली शिरला, पाच मिनिटांत बाहेर आला आणि म्हणाला, "ताई, क्रॉस गेलेत." म्हणजे लांब फिरता दांडा असतो ना खाली, त्याच्या टोकांचे सांधे. नवे घातले. वाळूत नेली. ठाक ठाक.

मग म्हणाला, "क्लच." क्लच बदलला. ठाक ठाक.

मग म्हणाला, "ताई, एक बोलू? रागावणार नसाल तर?"

"बोल."

"मामांकडे जाऊन या एकदा."

"फारायी, तू मेकॅनिक आहेस का वैदू?"

"मेकॅनिकच आहे हो. पण आमच्याकडेही मामा असतात."

त्याच्या डोक्यावर पाना घालणार होते. तुमच्या वाटचा राग त्याच्यावर काढला असता तर बरं वाटलं असतं, पण सोडलं त्याला.

मागच्या पत्रात गायी मजेत आहेत म्हणाले. म्हणजे उभ्या आहेत. गाढवगाडीवरून पिंपं नेतेय, आई आणि मी आलटून पालटून. गाढवं अर्ध्या वाटेत बसतात आणि पाण्याकडे असं बघतात की त्यांनाच पाजावं लागतं. तांबडी, जिचं एक शिंग खाली वळलंय ना, ती आता उठायला वेळ लावते. उठते मात्र. हे लिहितेय ते तुम्ही खूश व्हावं म्हणून नाही. खोटं लिहायचा कंटाळा आला म्हणून.

गा.


लेत्लाकेंग, २४ सप्टेंबर

मामा, मामा, मामा!

बसून वाचा. उभं राहून वाचलंत तर पडाल.

सापडलं. मला सापडलं, फारायीला नाही, नळावरच्या बायकांना नाही, तुमच्या काळजाला तर नाहीच नाही.

मी एकच गोष्ट धरून बसले होते. डांबरावर फक्त मागची चाकं ओढतात, तेव्हा गाडी लोणी. पुढची चाकं जोडली की भांडण. म्हणजे पुढच्याचं दुखत नाहीये, मागच्याचंही दुखत नाहीये. दोघांचं एकमेकांशी दुखतंय. (आता "वा, स्वतःच्या घराचं कसं नाही कळत" असं म्हणू नका.)

गाडी चारी बाजूंनी ओंडक्यांवर चढवली. चाकांवर खडूची रेघ, खालच्या दोन्ही दांड्यांवर खडूची रेघ. आई पुढचं चाक फिरवणार, मी दांड्याच्या फेऱ्या मोजणार. मग तेच मागे. शेजारपाजार कुंपणाला टेकून बघत होता, मका भाजून खात होता. एकजण म्हणाला, "पोरगी गाडीला जातं समजून दळतेय."

चाक एकदा फिरवलं की मागचा दांडा पुढच्यापेक्षा जास्त फिरतो. पुन्हा केलं. पुन्हा तेच. आईने केलं, तेच.

मग फारायीला ओढून आणलं. तो गाडीखाली आडवा पडला, मागच्या चाकांच्या मधला तो लोखंडी गोळा, डिफरन्शियल, कापडाने पुसला, त्यावरचा नंबर वाचला आणि नुसताच हसायला लागला. मागचा अख्खा गोळा दुसऱ्या कुठल्यातरी गाडीचा! आधीच्या मालकाचा फुटला असणार, त्याने मिळेल तो बसवला आणि गाडी विकून मोकळा झाला. डांबरावर कधी कळणारच नाही. चारी चाकं जोडली की पुढची म्हणतात मी एवढंच चालणार, मागची म्हणतात मी एवढं, आणि मधल्या मध्ये गिअरचे हाल.

फारायी म्हणाला, "ताई, एका जुवाला एक बैल नि एक गाढव जुंपल्यासारखं आहे हे."

"आणि बैलाच्या मामाचं मन दुखलंय का त्यात?"

"नाही दिसत," म्हणाला. कुंपणावरचे सगळे ऐकत होते. मी मुद्दाम मोठ्याने विचारलं होतं.

जुळणारा गोळा गाबोरोनेच्या भंगारवाल्यांकडे शोधायला सांगितलाय. येईल तेव्हा येईल. तोवर गाढवं. तेवढं तुम्ही कळवून ठेवा तुमच्या काळजाला, की त्याच्यावरचा आरोप मी मागे घेतलाय.

गाओने


लेत्लाकेंग, २ ऑक्टोबर

हे पत्र रागात लिहितेय. थंड होऊन पुन्हा लिहायचा माझा विचार नाही.

सेबोने मावशी तुमची धाकटी बहीण आहे, माझी मावशी आहे, चर्चच्या गायनात सगळ्यात मोठा आवाज तिचा आहे, हे सगळं मान्य. ती माझ्या पाठीमागे तुमच्याकडे आली. तुम्ही दार लावून घेतलं नाहीत. उलट पाण्याची चूळ भरलीत, "जा, माझं मन मोकळं आहे" म्हणालात, आणि ती चूळ बाटलीतल्या पाण्यात टाकून दिलीत तिला. दिलीत ना? तिने शपथेवर सांगितलं.

माणसाला दिक्गाबा लागली तर त्या पाण्याने अंघोळ घालतात, दोन घोट पाजतात. मावशी परवा दुपारी आली. मी पिंपं घेऊन गोठ्यावर. फारायी अंगणात. ती त्याला म्हणाली, "बाळा, या गाडीच्या पोटात तेल कुठून घालतात रे?" त्या गाढवाला वाटलं, बाईला शिकायचंय. त्याने सगळं दाखवलं. पुढचं बूच, मागचं बूच, कुठल्या पान्याने उघडतं तेही. आणि जेवायला गेला.

मी परत आले तर मावशी गाडीखालून सरपटत बाहेर येतेय. झग्याला ग्रीस, हातात नरसाळं, तोंडावर पुण्य.

"मावशी, काय केलंस?"

"काही नाही गं. पाजलं."

"काय पाजलं? कुणाला?"

"आजार आत आहे ना? मग बाहेरून धुऊन काय उपयोग? आत पाजलं. सगळी बाटली."

"कुठल्या भोकात?"

"पुढच्या."

"पुढच्याच का?"

माझ्याकडे असं बघितलं जसं मी वेडी आहे. म्हणाली, "तोंड पुढे असतं, गाओने."

मला हे सगळं तेव्हाच कळलं असतं, तर संध्याकाळच्या आत तेल बदलता आलं असतं. पण मावशीने हे सगळं आज सांगितलं, मामा. त्या दिवशी "पाजलं" म्हणाली तेव्हा मला वाटलं, रेडिएटरमध्ये ओतलं असेल, सांडलेलं पुसायला खाली शिरली असेल. कुठल्या भोकात, पुढच्या, तोंड पुढे, हे सगळं आज सकाळी विचारलं मी तिला. गाडी बंद पडल्यावर.

कारण काल तांबडी उठलीच नाही. बसल्या जागी पिंप तोंडाशी नेलं तेव्हा प्यायली, पण आता गाढवांची वाट बघत बसण्यात अर्थ नव्हता. टाकी भरली, लिव्हर ओढला, म्हटलं ठाकठाक तर ठाकठाक, रडत का होईना पोचेल. अर्ध्या वाटेत ठाकठाक थांबली. मी म्हटलं, अरे! मग शिट्टीसारखा आवाज. मग करकर. मग पुढची चाकं आवळली आणि गाडी जागच्या जागी रुतून बसली. फारायीने तिथे वाळूतच पुढच्या चाकांमधल्या गोळ्याचं बूच उघडलं, तर आतून ऑइल नाही, दूध आलं. पांढरं, फेसाळ, आणि त्यात बेअरिंगचे चमकते तुकडे.

तुमचं पाणी आणि ऑइल. घुसळलेलं.

तर अभिनंदन. आधी तुमचं काळीज आणि माझी गाडी यांचा काही संबंध नव्हता. आता आहे. स्वतःच्या हाताने, माफ करा, स्वतःच्या तोंडाने जोडलात.

टाकीतलं पाणी वाया गेलं नाही, निम्मं तरी गायींना पोचवलं. आई, मी, फारायी, मावशी, बादल्या घेऊन तिथून गोठ्यापर्यंत चाललो. मावशी सगळ्यात जास्त खेपा मारत होती आणि रडत होती. तिला काही बोलू नका. तिला बोलायचा हक्क माझा आहे, आणि मी बोललेय.

तांबडी प्यायली.


लेत्लाकेंग, ८ ऑक्टोबर

मामा,

ओडिरिलेकडून निरोप मिळाला. "गायी घेऊन जायला माणसं पाठवू का?" नको. माणसांना जेवायला घालायला मला वेळ नाही, मी गाडी चालवतेय.

हो. चालवतेय.

वाळूत रुतलेल्या गाडीचं पुढचं सगळं जाम. म्हणून फारायीने तिथेच पुढचा दांडा काढला, पुढच्या चाकांना जोडणारे दोन्ही तुकडे काढले, म्हणाला, "आता निदान ओढून तरी गावात नेता येईल." दोरी बांधायला गाढवं आणली. मी म्हटलं, थांबा जरा. टाकी अजून निम्मी भरलेली होती. टायरमधली हवा सोडली, पार पोट टेकल्यासारखे दिसेपर्यंत. बसले, हळूच क्लच सोडला.

निघाली. मामा, अशी निघाली!

भांडायला पुढचं कुणी उरलंच नव्हतं. एकट्या मागच्या चाकांनी, ठाक नाही, ठूक नाही. फारायी डोक्याला हात लावून उभा. आम्ही सगळे, मीसुद्धा, लहानपणापासून ऐकत आलो की वाळूत चारही चाकं लागतातच. पाण्याची टाकी मागच्या चाकांवर भार टाकते आणि तोच जोर पुरतो, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

जाताना प्रश्न नाही. येताना टाकी रिकामी, मागचं अंग हलकं, चाकं नुसती वाळू उधळतात. त्यावर उपाय म्हणजे तुमची बहीण. प्रायश्चित्त म्हणून रोज येते. सोबत चर्चच्या बायका, गोठ्याजवळ सरपण गोळा करतात, लाकडं मागे भरतात आणि त्यावर आपण बसतात. रुतायला लागली की मी खिडकीतून ओरडते, "मागे सरका!" आणि त्या गात गात सगळ्या मागच्या फळीकडे सरकतात. गाडी हुं म्हणून निघते. मावशी म्हणते, "आयुष्यभर लोक माझ्या वजनाला हसले, आता बघा." सरपण आता गावात आमच्याइतकं कुणाकडे नाही.

तांबडी आपली आपण उठते. तुमच्या माणसांना सांगा.

गाओने


लेत्लाकेंग, २१ ऑक्टोबर

मामा,

चावडीचं बोलावणं मिळालं. रविवारी. का, तेही कळलं. ओडिरिलेच्या पोटात मिठाशिवाय काही राहत नाही.

तुमचं म्हणणं असं की, गाडी रडत होती. मामाचं पाणी प्यायली. रडायची थांबली. (हे खरंच आहे! गावात एक माणूस नाही जो हे मानत नाही. फारायीसुद्धा आता "तांत्रिकदृष्ट्या बघितलं तर" असं म्हणून गप्प होतो.) म्हणजे गाडी बरी केली मामाने, म्हणजे मोदिसेने. म्हणजे गायींना जे पाणी पोचतंय ते मोदिसेच्या कृपेने. म्हणजे "पोरीने आपल्या हाताने जगवल्या तर" ही अट काही पुरी झाली नाही. म्हणजे गायी मोदिसेच्या.

वा. मी कॉलेजात वायाच गेले. तुम्हीच जायला हवं होतं.

पहिल्यांदा मी दोन पानं लिहिली. दोन दातेरी चक्रं, वेगवेगळे दाते, भार, वाळू, पाण्याने ऑइलचं दूध कसं होतं, चित्रांसकट. मग फाडली. चावडीवर कोण ऐकणार दाते? म्हणतील, हो, आणि ते दाते कुणाच्या पाण्याने झिजले?

तर मी भांडतच नाही. ठीक आहे. तुमच्याच पाण्याने गाडी बरी झाली.

आता तुम्ही मला एक सांगा, आणि हे आधीच लिहून पाठवतेय, मागून "पोरीने अचानक गाठलं" म्हणू नका. मामाच्या पाण्याला गुण कधी येतो? मामाचं काळीज साफ झालं तरच. राग आत ठेवून चूळ भरली तर ते नुसतं उष्टं पाणी. हे मी नाही म्हणत; तुम्ही म्हणता, आजी म्हणायची, कोसी म्हणतात. तुमच्या पाण्याला गुण आला असेल, तर तुमच्या मनात माझ्याविषयी काही नाही. आणि मनात काही नसलेला मामा, ज्या भाचीला त्याने नुकतंच धुऊन मोकळं केलं, तिच्या दारातल्या गायी हाकून नेईल?

नेत असाल, तर मन साफ नव्हतं. मन साफ नव्हतं, तर पाण्याला गुण नव्हता. गुण नव्हता, तर गाडी मी चालवली.

कुठूनही या, मामा. दोन्ही वाटा आमच्या गोठ्यावरच येतात.

रविवारी भेटू.

गाओने


लेत्लाकेंग, २७ ऑक्टोबर

मामा,

काल जे झालं ते लिहून ठेवतेय. तुमच्यासमोर झालं, तुम्हाला माहितीये, तरी लिहितेय. उद्या तुम्ही म्हणाल, मी असं बोललोच नव्हतो.

मी गोठ्यावरून थेट आले होते, फारायीच्या निळ्या डगल्यात आणि पँटमध्ये. दारावरच्या म्हाताऱ्याने अडवलं, "चावडीवर पँट चालत नाही." मावशीने स्वतःची शाल माझ्या कमरेला गुंडाळली. खांद्यावर आईची, कारण चावडीवर बाई शालीशिवाय बसत नाही. तशी दोन शाली गुंडाळून, खाली बूट, त्यावर ग्रीस, मी चटईवर बसले. तुम्ही खुर्चीवर, कोट घालून.

तुम्ही छान बोललात. खरंच. पाणी, चूळ, बाटली, रडणं थांबलं, सगळं क्रमाने. लोक माना डोलवत होते. मग कोसींनी मला विचारलं, आणि मी उभी राहून पत्रात लिहिलं होतं तेवढंच म्हटलं, एक शब्द जास्त नाही. कोसींना सर्दी झाली होती. त्यांनी नाक पुसलं, रुमालाची घडी घातली, घालतच राहिले. मग म्हणाले, "मोदिसे, पोरीचं जाऊ दे. मी तुलाच विचारतो. तुझं काळीज साफ आहे का?"

सगळ्यांना कळलं होतं तुम्ही कशात अडकलात. "नाही" म्हणावं, तर अख्ख्या गावात ज्या पाण्याचा डंका वाजला ते उष्टं ठरतं, आणि यापुढे तुमच्या दारात कोण पोर आणेल बरं करायला? "हो" म्हणावं, तर गायी गेल्या.

तुम्ही आईकडे बघितलंत. मी बघत होते, तुम्ही माझ्याकडे नाही, आईकडे बघितलंत. आई तुमच्याकडे बघत नव्हती. ती शाल दिल्यामुळे उघड्या खांद्यांनी बसली होती आणि लोकांसमोर कसं दिसतंय म्हणून हाताने झाकायला बघत होती.

तुम्ही कोट काढलात. तिच्या खांद्यावर टाकलात. आणि म्हणालात, "साफ आहे."

दात आवळून म्हणालात, पण म्हणालात. सगळ्यांनी ऐकलं. कोसी म्हणाले, "मग गायी जिथे आहेत तिथे, ज्यांच्या आहेत त्यांच्या डागाखाली." बायकांनी जिभा फिरवून आनंदाचा आवाज काढला. मावशीचा सगळ्यात मोठा.

मी हसले नाही, हेही लिहून ठेवते. हसावंसं वाटलं होतं.

मग बाहेर. तुम्ही गाडीभोवती एक चक्कर मारलीत. टायरला लाथ घातलीत. वाकून खाली बघितलंत, जिथे पुढचा दांडा असायला हवा होता आणि नाहीये. बराच वेळ वाकून होतात. उठून म्हणालात, "किल्ली दे. बघू कशी चालते."

मी दिली नाही.

"मामाला किल्ली देत नाहीस?"

"नाही."

तुम्ही निघून गेलात. आईचा कोट, म्हणजे तुमचा कोट, आमच्याकडेच राहिलाय.

किल्ली मी आजही देणार नाही, उद्याही नाही. पाऊस पडला तरी नाही. त्यासाठी काळीज दुखवायचं असेल तर खुशाल दुखवा, पाणी कुठून घालायचं ते आता सगळ्या गावाला माहितीये. पण उद्या सकाळी टाकी भरून गोठ्यावर निघतेय, तुमच्या कुंपणावरूनच जाते वाट. बघायचंच असेल तर शेजारची सीट रिकामी आहे. दार जोरात ओढा. हळू लावलं तर लागत नाही.

गाओने